त्याला सांगू नका

पडद्याच्या अगदी तळाशी, जिथे सहसा कोणी बघत नाही, तिथे एक ओळ उमटायची. मशीन एकदा बारीक चिरकायचं आणि मग जागच्या जागी थिजायचं. तुम्ही बिल करत असा, वजनं भरत असा, नाहीतर नुसते हातावर गाल टेकून बसलेले असा. ती ओळ वाचून कीबोर्डवरची दोन बटनं एकदम दाबल्याशिवाय पुढे एक अक्षर उमटत नसे. ही ओळ लोकांपर्यंत पोहोचवणं हा माझ्या नोकरीचा एक भाग होता. सासूबाईंना एकदा हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि याचा पगार देतात तुला?"

देत होते, आणि वेळेवर देत होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमची डाळीची आणि तेलाची मोठी मिल होती, धुळ्याला तिची शाखा होती. माझं माहेर असोदा, सासर जळगावातच. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली मिलमधली पहिली बाई मीच, त्यामुळे काही दिवस लोक मला बघायला यायचे आणि जाताना कॉम्प्युटरही बघून जायचे. पुढे सगळे अक्का म्हणायला लागले, माझ्या वडिलांच्या वयाचे हमालसुद्धा.

ज्यांनी त्या काळातलं ऑफिस पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. काचेच्या एका खोलीत सर्व्हर नावाचं मोठं मशीन होतं. त्याच्यापासून एक काळी केबल निघून छतातून अकाउंट्स, सेल्स, स्टोअर्स, पर्सोनेल अशी फिरत, पुढे आवार ओलांडून गेटजवळच्या डिस्पॅचच्या केबिनपर्यंत जायची. टेबलावरच्या मशीनमध्ये स्वतःचं असं काही नसे, सगळा माल सर्व्हरमध्ये. सकाळी आल्यावर ज्याने त्याने आपलं नाव आणि परवलीचा शब्द टाकायचा, की सर्व्हरला कळे, अमुक माणूस आत आला आणि अमुक मशीनवर बसला. आता सर्व्हर बंद करायचा झाला तर आत असलेल्या प्रत्येकाला आधी कळवावं लागे, नाहीतर अर्धवट लिहिलेली बिलं वाऱ्यावर जात. त्यासाठी ती तळाची ओळ. मी एक हुकूम टाइप करायचा. त्या क्षणी जो जो आत असेल त्याच्या पडद्यावर ती उमटणार. एकाला पाठवा, एखाद्या खात्याला पाठवा, नाहीतर 'सगळे' नावाच्या गटाला पाठवा. एकदा गेलेली ओळ परत मात्र बोलावता येत नसे.

ओळ लांब लिहायची सोय नव्हती. जेमतेम एक वाक्य मावायचं, तेही इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी अक्षरं त्या पडद्याला येत नव्हती. आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो.

धुळ्याच्या शाखेत सर्व्हर बसवायला मीच गेले होते. तिथे भिकानाना म्हणून जुने हिशेबनीस होते, धोतर, टोपी, आणि डोळ्यांत सदैव संशय. चाचणी म्हणून मी ओळ पाठवली, 'सर्व्हर बंद होत आहे. काम आवरा.' मग प्रिंटरच्या मागे वायर खोचत बसले. उठून पाहिलं तर ऑफिस रिकामं. भिकानानांनी ड्रॉवरला कुलूप घातलं होतं, टोपी सारखी केली होती आणि ते स्टॅंडच्या वाटेला लागले होते. त्यांच्या मागोमाग सगळी पलटण. दुसऱ्या दिवशी मी जाब विचारला.

"वरतून हुकूम उना, काम आवरा," नाना म्हणाले. "मंग मी आवरं. तूच सांग पोरी, माले काय वाटनं पाहिजे होतं?"

मशीनमधून आलेला शब्द हा कोणातरी बड्या माणसाचा शब्द, अशी त्यांची पक्की समजूत होती. जळगावला उलटी गंमत. तिथे लोकांना लवकरच कळलं की ही ओळ कोणालाही पाठवता येते. सर्व्हरवर तसा अधिकार मुळातच सगळ्यांना असायचा, कोणी मुद्दाम काढून घेईपर्यंत. मग काय, माकडाच्या हाती कोलीत. सेल्समधला महाजन रोज 'चहा आला' अशी ओळ सगळ्यांना पाठवू लागला. एका हिवाळ्यात तर मी स्टॉकचा मोठा रिपोर्ट काढायला लावला होता. अर्धा दिवस चालणारा तो रिपोर्ट सुरू करून जेवायला गेले. परत आले तर मशीन थिजलेलं, रिपोर्ट जिथल्या तिथे, आणि तळाशी महाजनची ओळ, 'शनिवारी भरीत पार्टी. अक्कांच्या भावाच्या मळ्यात, असोदा.' माझ्या भावाच्या मळ्यात पार्टी आहे हे मला असं कळलं. महाजनने परस्पर भावाशी बोलून ठरवलं होतं. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. शनिवारी मात्र पहाटे उठून कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला बसले, कारण भरितासाठी गाजलेल्या असोद्याचं नाव जायला नको. पार्टी झकास झाली आणि माझा राग भरितात मुरला.

स्वतःविषयीची बातमी त्या ओळीतून कळणं काय असतं, याची चव मला तेव्हा लागली होती, पण मी ती हसण्यावारी नेली. पुढचा मे महिना आला तेव्हा मात्र हसणं विसरायला झालं.

डिस्पॅचला रघुनाथ पाटील होता, सगळ्यांचा रघुभाऊ. चोपड्याच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. गेटजवळच्या पत्र्याच्या केबिनमध्ये तो एकटा बसे. गाडी भरून आली की वजन टाकायचं, गेटपास छापायचा, सही करायची आणि ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. माणूस कमी बोलणारा, कामाला वाघ. त्याची धाकटी बहीण बेबी जळगावातच दिलेली होती, तिचा नवरा धुळ्याला नोकरीला. बेबीला सातवा महिना लागला होता. त्याआधी दोनदा तिचा गर्भ राहून टिकला नव्हता, आणि या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हिला कसलाही धक्का बसता कामा नये. रघुभाऊ रोज घरी जाताना वाट वाकडी करून तिच्याकडे डोकावून यायचा. वाचणाऱ्यांचा जीव टांगणीला लागू नये म्हणून आत्ताच सांगून टाकते, बेबीचं पुढे सगळं नीट झालं, मुलगी झाली. पण त्या दुपारी हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी चोपड्याहून रघुभाऊच्या काकांचा फोन आला, तो पर्सोनेलच्या वाणी साहेबांनी घेतला. रघुभाऊची आई गेली होती. सकाळी विहिरीवर चक्कर येऊन पडली ती उठलीच नाही. उन्हाळ्याचे दिवस, फार वेळ थांबता येणार नव्हतं. मुलाला आणि मुलीला घेऊन लगेच निघा, काका म्हणाले, पण पोरीला वाटेत कळू देऊ नका.

आमच्याकडची रीत इथे सांगायला हवी. सख्ख्या माणसाला मरणाची बातमी तोंडावर सांगत नाहीत. 'तब्येत जास्त आहे, चला,' एवढंच म्हणतात, सोबत एक भरवशाचा माणूस देतात, आणि घराजवळ गर्दी दिसली की ज्याचं त्याला कळतं. तोवर वाटेत तो कोसळत नाही आणि आपल्या माणसांत जाऊन रडतो. बहुतेकांना वाटेतच संशय आलेला असतो. तरी तो विचारत नाही आणि सोबतचा सांगत नाही. मी स्वतः माझ्या वडिलांच्या वेळी अशीच गेले आहे.

वाणी साहेब मूळचे दोंडाईचाचे, रीत पाळणारे, मनाने लोण्याहून मऊ. त्यांनी जीप सांगितली. मग त्यांना भीती वाटली की ही बातमी टेलिफोनवाल्या बाईने ऐकली आहे, ती दोघातिघांना सांगेल, आणि त्यातला एखादा उघड्या तोंडाचा माणूस गेटवर जाऊन रघुभाऊला 'फार वाईट झालं' म्हणून बसेल. ते होऊ नये म्हणून सगळ्यांना आधीच ताकीद द्यायला हवी. आणि सगळ्यांना एका झटक्यात सांगायचा रस्ता त्यांच्या टेबलावरच होता. नुकताच तो हुकूम त्यांनी महाजनकडून शिकून घेतला होता.

मी काचेच्या खोलीत होते. माझं मशीन चिरकलं. मी सवयीने तळाशी पाहिलं.

'वाणी: आर. बी. पाटीलची आई वारली. त्याला सांगू नका.'

एवढंच मावलं होतं. वारल्या म्हणायलाही जागा पुरली नसावी. मी ते वाचलं आणि आधी रघुभाऊच्या आईसाठी वाईट वाटलं. ओळ कोणाकोणाला गेली आहे ते ओळीत दिसत नसे. वाणी साहेबांनी निवडक माणसांना पाठवली असेल, असं मी धरून चालले. मग मी काचेतून पलीकडे पाहिलं. अकाउंट्समधली सगळी माणसं, सेल्समधली सगळी माणसं, एकाच वेळी मान खाली घालून आपापल्या पडद्याच्या तळाशी बघत होती.

'सगळे.' त्या गटात रघुभाऊ होता.

सर्व्हर बंद करून उपयोग नव्हता, ओळ त्याच्या पडद्यावर जाऊन बसलेली होती. एकच आशा होती की तो जागेवर नसेल, गाडीच्या वजनाला बाहेर गेला असेल, आणि मी आधी पोहोचून ती दोन बटनं दाबून टाकेन. सर्व्हरच्या खोलीत आम्ही चपला बाहेर काढून जायचो. त्या घालायचं भान राहिलं नाही. तशीच धावत सुटले. मे महिन्यातलं जळगावचं आवार, सिमेंट तव्यासारखं तापलेलं. तळपाय पोळत होते ते मला केबिनच्या दारात गेल्यावर कळलं.

रघुभाऊ जागेवर होता. प्रिंटर खडखडत गेटपास छापत होता. बाहेर ट्रक घरघरत उभा, खिडकीत ड्रायव्हर. मी पडद्याकडे पाहिलं. तळाची ओळ कोरी होती.

ती ओळ आपोआप जात नाही. दोन बटनं दाबल्याखेरीज प्रिंटरला हुकूम जात नाही. केबिनमध्ये त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

"अक्का," तो म्हणाला, "चपला कुठं राहिल्या?"

"आत," मी म्हणाले.

"पाय भाजतील." त्याने पायाजवळचं रिकामं पोतं माझ्याकडे सरकवलं. मग गेटपास फाडला, सही केली, रोजच्या जागी, रोजच्यासारखी, आणि ड्रायव्हरला दिला. ड्रायव्हर काहीतरी चेष्टेचं बोलला. रघुभाऊने मान हलवली. मी त्या पोत्यावर उभी राहिले. वाटलं, याने वाचलं नसेल, न वाचताच बटनं दाबली असतील, महाजनच्या चहाच्या ओळींनी लोकांना ती सवयच लागली होती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ते वाटणंही गेलं.

मी परत फिरले. वाणी साहेब समोरून येत होते, चेहरा बेतून, हातात रुमाल. मी त्यांना तुरीच्या गोण्यांच्या आड ओढलं.

"साहेब, ती ओळ कोणाला पाठवलीत?"

"सगळ्यांना. एक माणूस सोडला नाही."

"रघुभाऊ सगळ्यांत येत नाही का?"

त्यांना पटकन कळलं नाही. "अहो, पण त्याचं नाव लिहिलंय ना मी त्यात. त्याला सांगू नका म्हणून." आणि मग कळलं. ते गोणीवर बसले. तोंड पांढरंफटक पडलं होतं. "सखाराम असता तर," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. सखाराम आमचा शिपाई, जुन्या काळी नोटीस टेबलाटेबलावर फिरवणारा. अशी नोटीस त्याच्या हाती दिली असती तर तो रघुभाऊच्या टेबलासमोरून तोंड फिरवून निघून गेला असता, त्याला वेगळं सांगावं लागलं नसतं. वाणी साहेबांनी मशीनकडून तीच समज अपेक्षिली होती. त्यांना हसावं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पुढे मी सगळ्यांचा ओळ पाठवायचा अधिकार काढून टाकला, कोणीही कारण विचारलं नाही.

"त्याने वाचलं नसेल," साहेब म्हणाले.

"वाचलंय."

"तुम्हाला बोलला तो?"

"नाही. पण गेटपास निघाला."

त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. आता जाऊन खरं सांगायचं, की ठरलेलं बोलायचं? आम्ही दोघं तिथे उभे असतानाच रघुभाऊ स्वतः केबिनमधून आला. वाणी साहेब उठले आणि त्यांच्या तोंडून ठरलेलंच निघालं.

"रघुनाथ, घरून फोन होता. आईची तब्येत जरा जास्त आहे. जीप सांगितली आहे."

"काय झालं, साहेब?" रघुभाऊने विचारलं.

"चक्कर आली म्हणे. उन्हाने."

"बरं. बेबीलाही घेऊ." एवढं म्हणून तो केबिनला कुलूप लावायला गेला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

बेबीला घ्यायचं म्हणून सोबत बाईमाणूस हवं, मी निघाले. वाणी साहेब पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे रघुभाऊ, बेबी आणि मी. बेबीच्या नवऱ्याला धुळ्याला फोन केला होता, तो परस्पर गावी येणार होता. बेबी खुशीत होती. उन्हाची चक्कर म्हणजे तिला काही विशेष वाटलं नाही. माहेरी जायला मिळतंय याचंच तिला अप्रूप.

"माय मुद्दाम आजारी पडनी," ती मला हसत म्हणाली. "मी येत नही म्हनीसन. बठ्ठं सोंग शे तिनं."

तापीचा पूल मागे पडला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, वारा गरम. बेबीने एकदा भावाकडे निरखून पाहिलं.

"भाऊ, तू इतला गप का शे?"

"ऊन लागनं," तो म्हणाला. आणि तिला आणखी काही विचारायला सवड मिळू नये म्हणून असेल, त्याने पुढे वाकून वाणी साहेबांना विचारलं, "साहेब, डॉक्टर आला होता का घरी?"

वाणी साहेबांची मान ताठ झाली. "हो. आला होता."

"सलाईन लावली?"

"लावली."

"शुद्धीवर आहे ना?"

मी मागून त्यांच्या मानेवरचा घाम बघत होते. त्यांना माहीत होतं की विचारणाऱ्याला माहीत आहे. विचारणाऱ्यालाही माहीत होतं की हे खोटं बोलतायत. आणि मध्ये बेबी, कान देऊन ऐकत असलेली. "आहे," साहेब शेवटी म्हणाले. "तुमचं नाव घेत होती."

रघुभाऊ मागे टेकला. "बघ," तो बेबीला म्हणाला, "शुद्धीवर शे." माझ्या आयुष्यात मी पुष्कळ माणसं रडताना पाहिली, पण त्या माणसाच्या त्या दोन शब्दांनी मी जितकी हादरले तितकी कधी हादरले नाही. आपण गाडीतून उडी टाकावी आणि चालत घरी जावं असं वाटत होतं.

अडावदला ड्रायव्हरने पाण्यासाठी गाडी थांबवली. बेबी आतच बसली. रघुभाऊ माठाजवळ गेला, मी त्याच्या मागे गेले. त्याने तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं, खूप वेळ मारत राहिला.

"रघुभाऊ," मी म्हणाले, "ती ओळ..."

"अक्का, त्यामा लिखेल होतं, सांगू नका." माझ्याशी तो नेहमी ऑफिसची मराठी बोलायचा, तिथे पहिल्यांदा घरची बोली बोलला. "मी कोनले सांगं नही."

"तुमच्यासाठी नव्हती हो ती."

"माले माहीत शे. साहेबवर राग नही मना. त्यासनी माया करी." त्याने पाण्याचा पेला माठावर पालथा घातला. "मी वाची लिधं, नि बाहेर तो डायव्हर हॉर्न वाजाडी राहिंता. मी बटन दाबं. मना हात दाबी गया, अक्का. माले समजनंच नही, मी काय दाबं."

वीस माणसांचं जाळं मी सांभाळत होते, कोणाची केबल सैल झाली तर मला जागेवरून कळायचं. या माणसाशी दोन शब्द बोलायचे तर माझ्याकडे एकही नव्हता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तसं करायची आमच्या ऑफिसात पद्धत नव्हती.

"बेबीले मी सांगसू," तो म्हणाला. "तिले गर्दी देखीसन कळाले नको. मी सोता सांगसू."

"काका पाराजवळ उभे राहणार आहेत. तसं ठरलंय. डॉक्टरीणबाईंनीही..."

"कोनी ठरायं, माले माहीत नही," तो म्हणाला, आणि बेबीसाठी पेल्यात पाणी घेऊन गाडीकडे गेला.

चोपडा मागे पडलं. डोंगर जवळ दिसू लागले. बेबीला झोप लागली होती, तिचं डोकं माझ्या खांद्यावर. गाव यायच्या थोडं आधी, शेवटच्या केळीच्या बागेपाशी, रघुभाऊने ड्रायव्हरच्या पाठीवर हात ठेवला.

"आठेच थांबा."

"रघुनाथ, पारापर्यंत जाऊ या," वाणी साहेब म्हणाले. "तिथे तुमचे काका आहेत. मी सांगतो तुम्हाला, तेच बरं पडेल."

"थांबा," तो म्हणाला, आणि गाडी थांबली.

त्याने बेबीला हाताला धरून सावकाश उतरवलं. पाटाच्या बांधावर सावली होती, तिथे बसवलं. पाटात पाणी वाहत होतं, ते तिच्या कपाळाला लावलं. ती अजून झोपेत होती. आलं का गाव, म्हणून विचारत होती. तो तिच्यासमोर मातीत बसला आणि तिचे दोन्ही हात धरले. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले, पडलीच तर धरायला.

"बेबी," तो म्हणाला, "माय गयी आपली."

ती ओरडली नाही. पोटावर एक हात ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग वळून माझ्याकडे पाहिलं, गाडीशी उभ्या असलेल्या वाणी साहेबांकडे पाहिलं. आमच्या चेहऱ्यांवरून तिला कळलं की आम्हा सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. रघुभाऊने तिचा दुसरा हात सोडला नाही. ती रडली, पण त्याच्या हातांत, त्याच्या छातीला डोकं लावून, आणि त्याला घट्ट धरून. वाणी साहेब गाडीमागे गेले.

बऱ्याच वेळाने तिने तोंड वर केलं.

"मंग तू गाडीमा डॉक्टरनं काय इचारी राहिंता?" ती म्हणाली. "तुले माहीत होतं? तुले कव्हय समजनं, भाऊ? तुले कोन सांगं?"

रघुभाऊने तिच्या पदराने तिचं तोंड पुसलं. त्याचे स्वतःचे डोळे अजून कोरडेच होते.

"माले," तो म्हणाला, "माले कोनीच सांगं नही."